तेविसाव्या प्रकरणानंतर

नेरूळ, ९ जानेवारी २०२५

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन झाला, पण फोनवर आपण बोलतो ते काय? ‘जेवलात का’, ‘तिकडे ऊन आहे का’, आणि कुकरची तिसरी शिट्टी. म्हणून हा मेल. तू हॉस्टेलला गेलीस तेव्हापासून आपल्या घराची ही पद्धत आहे. आधी पोस्टाची पाकिटं होती, आता हे. महत्त्वाचं बोलणं पत्रातच करायचं.

तर काम असं. तुझी आई गेल्यापासून मी ज्या ‘कर्णफूल’ अ‍ॅपवर ऐकायची पुस्तकं विकत घेतोय, ते ३१ जानेवारीला कायमचं बंद होतंय. कंपनीचा फार नम्र मेल आला आहे. इतका नम्र की रागावताही येत नाही. माझी चौदा पुस्तकं तिथे आहेत. रीतसर विकत घेतलेली, भाड्याची नव्हेत. त्यातलं ‘गोदी नंबर सात’ तर अजून ऐकलेलंही नाही. खुनाची गोष्ट आहे, चोवीस प्रकरणं, तीही बंदरातली. सत्तावीस वर्षं बंदरात क्रेनची वेळापत्रकं लावलेला माणूस ती सोडेल का?

कंपनी म्हणते, फाइली उतरवून घ्या. पण त्या फाइली फक्त त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाजतात, आणि अ‍ॅप तर चाललं. मग त्यांनीच तोड काढली आहे. त्यांच्या वेबसाइटवर एक प्रोग्रॅम ठेवलाय, त्यात आपला सोळा अक्षरी खरेदी क्रमांक घातला की पुस्तकाचं साध्या एमपी-थ्रीत रूपांतर होतं. एमपी-थ्री म्हणजे जे कुठेही वाजतं: रिक्षात, गणपतीच्या मांडवात, कळंबोलीच्या ट्रकमध्ये. मला ते आपल्या डब्यात वाजवायचं आहे. डबा म्हणजे आईने भजनांसाठी घेतलेला लाल स्पीकर. वर पाच बटणं, मागे पेनड्राइव्हची खाच. न बघताही बोटाला बटण सापडतं.

हे पंचवीस तारखेच्या आत व्हायला हवं. का, ते विचारू नकोस. सत्तरीनंतर हट्ट करायची सवलत असते, ती मी आत्तापर्यंत वापरलीच नव्हती.

तुझा,
बाबा


कोईमतूर, ११ जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि. (एवढं लिहिल्याचे अजून मार्क मिळतात ना?)

सवलत वापरली नव्हती? बाबा, गेल्याच महिन्यात तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून अडीच तास हट्ट केलात. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

असो. काम सोपं आहे. लॅपटॉप उघडा. पुस्तकाची फाइल उतरवा. तो प्रोग्रॅम उघडा, सोळा अक्षरं घाला, ‘एमपी-थ्री’ निवडा आणि चहा प्या. चहा संपेपर्यंत एक पुस्तक तयार. अशी चौदा वेळा. अ‍ॅप एकतीसला बंद होतंय आणि तुम्हाला पंचवीसला हवंय, म्हणजे कुणाशी तरी पैज लावली आहे, हे मी ओळखलं. आणि मोबाईलवर ऐकायला काय झालं अचानक?

इथे माझी धावपळ चालू आहे. तीस तारखेला आमच्या नव्या पंपाची चाचणी. पास झाला तर पुढचा प्रकल्प माझ्याकडे येईल असं साहेब म्हणालेत. नापास झाला तर मीच त्या पंपात उडी मारीन. तोवर मला श्वास घ्यायला फुरसत नाही, पण तुमचं अडलं तर कळवा.

ईश्वरी


नेरूळ, १५ जानेवारी

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

अडलं.

पहिल्या दिवशी मला वाटलं, एवढा प्रोग्रॅम कशाला? फाइलच्या नावाला शेवटी तीन विचित्र अक्षरं होती, ती खोडली आणि तिथे ‘एमपी-थ्री’ लिहिलं. चौदाही पुस्तकांचं असं बारसं उरकलं आणि पेनड्राइव्ह डब्यात घातला. डबा एकदा खरखरला आणि गप्प बसला. खाली राहणारी स्नेहल म्हणाली, “काका, पाटी बदलून दुकान बदलतं का?” तिचं म्हणणं खरं निघालं.

मग तुझ्या पद्धतीने गेलो. सोळा अक्षरं घातली. ‘चूक’. पुन्हा घातली. ‘चूक’. तिसऱ्यांदा चुकलं की तो प्रोग्रॅम चोवीस तास तोंड बंद करून बसतो. असे चार दिवस गेले. अक्षरं मुंगीएवढी आहेत. इंग्रजी बी आणि इंग्रजी आठ हे कंपनीने मुद्दाम जुळे काढलेत. काल मी भिंग घेऊन बसलो तेव्हा तर मधलं अक्षरच गायब झालं आणि कडेची तेवढी दिसली. लॅपटॉपचा पडदा जुना झालाय, दुसरं काही नाही.

स्नेहल तुला आठवते ना? दिवाळे गावची, मासे घेऊन येणाऱ्या विमलबाईंची मुलगी. लग्नानंतर आपल्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर आली, स्टेशनजवळ औषधांच्या दुकानात असते. तिला सांगून त्या क्रमांकाचा फोटो काढवला आहे, सोबत जोडतो. अ‍ॅपचा पासवर्ड तुला ठाऊक आहेच. तुझ्या आईच्या वाढदिवसाशिवाय मी कधी दुसरा पासवर्ड ठेवला आहे? तूच तिकडून करून पाठव. तुझा पंप जरा बाजूला ठेवावा लागेल. नाइलाज आहे.

बाबा


(ड्राफ्ट. १५ जानेवारी, दुपार. पाठवलेला नाही.)

ईश्वरी, लॅपटॉपचा पडदा जुना झाला नाही. माझा झालाय. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला भोक पडलंय. डावा काचबिंदूने आधीच निम्मा गेला आहे, ते तुला माहीत आहे. सत्तावीस तारखेला उजव्याचं ऑपरेशन. त्यात डोळ्यात हवा भरतात, आणि ती हवा जागच्या जागी राहावी म्हणून दहा दिवस पालथं पडून राहायचं. जेवताना मान खाली, झोपताना मान खाली. टीव्ही नाही, पेपर नाही, मोबाईल नाही. भोक बुजलं तर बुजलं, नाही तर दोन्ही डोळे अर्धे. म्हणून डबा हवा आहे. दहा दिवस नुसता जमिनीकडे बघत हाच विचार करत पडलो तर मला वेड लागेल.

तुझी चाचणी तीस तारखेला. हे वाचलंस तर तू अठ्ठावीसला इथे असशील. म्हणून हे पाठवत नाही.


कोईमतूर, १७ जानेवारी

बाबा,

बी आणि आठ वेगळे आहेत. मी पहिल्याच फटक्यात घातले. चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, काचबिंदूची तपासणी मागच्या वर्षीही टाळलीत. तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

ऑफिसला जाताना सगळं लावून गेले, परत आले तेव्हा चौदाच्या चौदा पुस्तकं एमपी-थ्री होऊन बसली होती. तीनशे सहा फाइली! प्रत्येक पुस्तकाला वेगळा फोल्डर, प्रत्येक प्रकरणाला नंबर. आधीची तेरा पुस्तकं लाल पेनड्राइव्हवर. तुमची खुनाची गोष्ट एकटी निळ्यावर ठेवली आहे, म्हणजे शोधाशोध नको. चोवीस प्रकरणं मोजून घेतली, सगळी यादी तळाला धरली आणि ओढून टाकली पेनड्राइव्हवर; बाकीची तेराही एकेक करून अशीच टाकली. दोन मिनिटांचं काम, आणि तुम्ही आठवडा घालवलात. उद्या कुरिअर करते.

आणि बाबा, ही पुस्तकं तुम्ही तुमच्यासाठी विकत घेतली आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची नाहीत. मी तुम्हाला ओळखते.

पैज कुणाशी आहे ते अजून सांगितलं नाहीत.

ईश्वरी


नेरूळ, २३ जानेवारी

चि. ईश्वरीस आशीर्वाद.

दोन्ही पेनड्राइव्ह पोचले. लाल लावून पाहिला, खणखणीत वाजतो. निळा अजून लावला नाही, तो राखून ठेवलाय. तू गुणी आहेस. हे मी फोनवर म्हणत नाही, कारण तू लगेच ‘काय हवंय’ असं विचारतेस.

पुढचे आठ-दहा दिवस माझा मेल आला नाही, फोन लागला नाही, तर समज की मी गोदीत आहे. पंपाकडे लक्ष दे. चाचणीच्या दिवशी दहीसाखर खाऊन जा. तिकडचं दही आंबट असेल तर साखर जास्त घाल.

बाबा


नेरूळ, १ फेब्रुवारी

प्रिय ईश्वरीस आशीर्वाद. पंप पास झाला हे कळलं. फार आनंद झाला. इकडे पेढे वाटले, सोसायटीच्या वॉचमनलाही दिला. प्रकल्प तुझ्याकडे आला म्हणजे आता साहेब तुझ्याकडे रजा मागायला येणार.

माझं उत्तम चाललं आहे. ‘गोदी नंबर सात’ रंगात आलंय. गोदीत मुकादमाचा खून झालाय आणि संशय पाच जणांवर. लेखकाला बंदरातलं ओ की ठो कळत नाही. वादळी वाऱ्यात क्रेन चालवतो म्हणे! अहो, वारा वाढला की क्रेन आधी बांधून ठेवतात. पण खून चांगला केलाय. विमलबाई मासे द्यायला येतात आणि ऐकत बसतात, मग बिल्डिंगमधल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना मासे उशिरा मिळतात. त्या पहिल्या दिवसापासून वजनकाट्यावाल्यावर अडून बसल्या आहेत. म्हणतात, “काटा धरनारा मानूस कदी सरल नसतो. मी तीस वरसं बाजारात हाय, मना शिकवू नको.” मी काही बोलत नाही. माणसाने आपली मतं राखून ठेवावीत.

तू मागच्या मेलमध्ये विचारलंस की डब्याच्या छोट्या खिडकीत कितव्या फाइलीचा आकडा दिसतो. डबा उत्तम आहे. रंगही अजून टिकून आहे.

बस झालं एवढं. पाठव आता, नाकाला रग लागली.


कोईमतूर, २ फेब्रुवारी

बाबा,

‘पाठव आता’ हे कुणाला? आणि पत्र लिहिताना नाकाला रग कशी लागते?

डब्यावर आकडा कितवा, याचं उत्तर तुम्ही ‘रंग टिकून आहे’ असं दिलंत. सत्तावीस वर्षं आकड्यांवर जगलेला माणूस आकडा विचारला की रंग सांगतो, तेव्हा तो काहीतरी लपवत असतो. मी स्नेहलला फोन केला. ती तुमच्या बाजूने दीड मिनिट लढली. मग तिने सगळं सांगितलं. सत्तावीस तारीख, डोळ्यातली हवा, जमिनीवर अंथरलेली गादी आणि त्यावर पालथे माझे बाबा.

आईच्या आजारातही तुम्ही मला दोन महिन्यांनी कळवलंत. तेव्हा मी रागावले नाही, कारण रडण्यातच वेळ गेला. आता रागावते. मी फार रागावले आहे, बाबा. मी तुमच्या डोळ्यांवरून विनोद करत होते, चष्मा बदला म्हणत होते, पालथ्या घड्याची म्हण ऐकवत होते, आणि तुम्ही ते वाचून गप्प बसलात. पंप पास झाल्याचे पेढे वाटलेत म्हणे. आडवे पडून?

मी काय करावं ते मला कळत नाही. येऊ म्हटलं तर तुम्ही नको म्हणणार. तुम्ही नेहमी नको म्हणता.

ईश्वरी


नेरूळ, ४ फेब्रुवारी

चि. ईश्वरीस आशीर्वाद. हे पत्र मी सांगतोय आणि स्नेहल लिहितेय. आता लपवायचं काही उरलं नाही, म्हणून तिचंही नाव घालतो. तिला सांगितलंय की मी बोलेन तेवढंच लिहायचं.

तुझा राग बरोबर आहे. चाचणीचं कारण खरं होतं, पण ते अर्धं. उरलेलं अर्धं असं की मला भीती वाटत होती. तू समोर आलीस की ती माझ्या तोंडावर दिसली असती. पालथं पडल्यावर निदान कुणाला तोंड दिसत नाही.

आता डॉक्टर म्हणतात, भोक बुजतंय असं वाटतं. परवा पालथेपणातून सुटका. मग बसायला परवानगी, वाचायला नाही. दिसेल किती, ते हवा हळूहळू विरेल तेव्हा कळेल. सध्या डोळ्यात पाणी भरलेल्या काचेसारखं हलतंय.

तू ये असं मी म्हणणार नाही. डोळ्यासाठी तर मुळीच नको. डोळ्याला डॉक्टर आहेत आणि थेंब घालायला स्नेहल आहे. तुझा नवा प्रकल्प आहे, तो बघ.

फक्त एक तांत्रिक अडचण आली आहे. काल तेविसावं प्रकरण संपलं आणि डबा गप्प झाला. पुढे काही नाही. पाच जणांना एका खोलीत बसवून इन्स्पेक्टर म्हणतो, ‘आता मी सांगतो’, आणि शांतता. विमलबाईंनी डब्याला दोन चापट्या मारल्या, तरी नाही. तू म्हणशील, ती एक फाइल स्नेहलच्या फोनवर पाठवते. तिच्या फोनमध्ये जागा नाही. कुरिअर म्हणशील, तर कुरिअरवाल्यांचा आता मला भरवसा वाटत नाही. लॅपटॉप म्हणशील, तर त्याचा आवाज मला चावतो. सगळ्या बाजूंनी कोंडी झाली आहे. तुला काय सुचेल ते बघ.

बाबा

ता. क. ताई मी स्नेहल. माझ्या फोनमधे भरपूर जागा आहे. काकांना न सांगता लिहितेय. बाकी टेन्शन घेऊ नका, जेवतायत नीट. मम्मी विचारतेय काट्यावालाच आहे ना?


कोईमतूर, ५ फेब्रुवारी

ती. बाबांना सा. न.

तुमची तांत्रिक अडचण वाचली. प्रकरण गंभीर आहे. माझ्या लॅपटॉपवर चोवीसही फाइली दिसतायत, म्हणजे पेनड्राइव्हवर टाकतानाच काहीतरी बिनसलं. यात फोन चालणार नाही, कुरिअर चालणार नाही, हे मलाही पटलं. इंजिनियरने स्वतः जागेवर जाऊन बघण्यासारखीच ही केस आहे.

शनिवारी आठ तारखेच्या सकाळच्या विमानाने येते. फाइल आणत नाही, काय सांगावं, तीही बिघडायची. ‘गोदी नंबर सात’चं छापील पुस्तक मागवलंय, ते उद्या हातात येईल. शेवटचं प्रकरण मी स्वतः वाचून दाखवीन. तोवर कुणीही खुनी ओळखायचा नाही. विमलबाईंनाही सांगा.

डोळ्यासाठी येत नाहीये, हे लक्षात असू द्या.

ईश्वरी


कोईमतूर, १६ फेब्रुवारी

बाबा,

सुखरूप पोचले हे फोनवर सांगितलंच. बाकीचं इथे.

ते चार दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. तुम्ही खुर्चीत बसलेले, डोळ्यावर ते जाळीचं झाकण, स्नेहल दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आलेली, आणि विमलबाई मांदेली साफ करायला परात घेऊन हॉलमध्येच ठाण मांडून बसलेल्या. मी पन्नास मिनिटं वाचत होते. लहानपणी तुम्ही मला वाचून दाखवायचात तेव्हा इन्स्पेक्टरचा आवाज जाड काढायचात, तसाच काढायचा प्रयत्न केला. शेवटी इन्स्पेक्टरने वजनकाट्यावाल्याकडे बोट दाखवलं आणि विमलबाईंनी सुरी वर करून आरोळी ठोकली, “मी काय बोलले व्हते?” शेजारचे धावत आले. आणि तुम्ही, बाबा, तुम्ही दोन्ही हात हवेत नेलेत आणि म्हणालात, “अरे देवा! काट्यावाला? माझ्या तर स्वप्नातही नव्हतं!”

आता ऐका. निघायच्या दिवशी तुम्ही आंघोळीला गेला होता. मला राहवेना, बिघाड शोधल्याशिवाय परत जाणं आमच्या धंद्यात बसत नाही. मी निळा पेनड्राइव्ह काढला, पुन्हा डब्यात घातला आणि सुरू केला. खिडकीत आकडा आला एक. आणि डबा म्हणाला, ‘प्रकरण चोविसावं.’

मी डबा बंद केला आणि बॅग भरायला घेतली. इकडे आल्यावर ऑफिसात विचारलं. हे स्वस्त डबे म्हणे फाइलचं नाव वाचतच नाहीत. ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर पडल्या, त्याच क्रमाने वाजवतात. आणि मी यादीच्या तळाला, चोविसाव्या फाइलीला धरून ओढल्या होत्या; जिला धरतो ती आधी जाते. म्हणजे चोवीस आधी, मग एक, दोन, तीन, अशा तेवीसपर्यंत. फाइल गहाळ झालीच नव्हती. ती सगळ्यांत पहिली वाजली होती.

म्हणजे खुनी कोण, हे तुम्हाला पहिल्याच तासात कळलं होतं. विमलबाई इतके दिवस काट्यावाल्यावर अडून बसल्या होत्या आणि तुम्ही पालथे पडून ‘मतं राखून’ ठेवत होता. आणि मग माझ्यासमोर ते ‘अरे देवा’! बाबा, तुम्ही बंदरात कशाला गेलात? नाटकात जायचं होतं.

फोनवर मुद्दाम बोलले नाही. आंघोळीहून आलात तेव्हाही नाही. महत्त्वाचं बोलणं पत्रातच करायचं ना? मग करा आता.

ईश्वरी


नेरूळ, २ मार्च

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

या वेळी शेवटचं प्रकरण आधी वाजवतो.

प्रकरण चोविसावं. उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू वाढणार आहे. पडद्याच्या ऑपरेशननंतर तो बहुतेकांना होतो, घाबरायचं कारण नाही. तो काढायची तारीख पडली आहे: सोमवार, नऊ जून, सकाळी साडेआठ. मला थोडी भीती वाटतेय. तू ये. विमानाचं तिकीट आत्ताच काढ, नंतर महाग होतं.

आता प्रकरण पहिलं. हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षरं बोराएवढी केली आहेत, एका ओळीत चारच शब्द बसतात, पण मधलं अक्षर गायब होत नाही. डॉक्टरांच्या तक्त्यावर वरच्या चार ओळी वाचल्या. पाचवीत इंग्रजी बी होता की आठ ते कळलं नाही, पण तिथे बसलेल्या मुलीने सांगितलं की तिलाही कधीकधी कळत नाही.

पुढचं प्रकरण कबुलीचं. हॉस्पिटलमधून आलो, गादीवर पालथा झालो, स्नेहलने निळा पेनड्राइव्ह लावून दिला आणि ती दुकानात गेली. पहिल्या वाक्यातच इन्स्पेक्टर सगळ्यांना खोलीत बसवून बोलायला लागला. मला वाटलं, हल्ली अशाच सुरुवाती करतात. तासाभरात काट्यावाला पकडला गेला. मग ‘प्रकरण पहिलं’ आलं आणि माझ्या लक्षात आलं. तुझ्यावर रागावलो, म्हटलं एवढी इंजिनियर मुलगी आणि पोथी उलटी बांधून पाठवली. बंद करणार होतो. पण दहा दिवस काढायचे होते, म्हणून चालू ठेवलं.

तुझी आई कुठलंही पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान वाचायची, आठवतं? अडतीस वर्षं मी तिच्याशी त्यावरून भांडलो. ती म्हणायची, “शेवट कळला की मधलं नीट वाचता येतं, जीव टांगणीला राहत नाही.” मला तो अडाणीपणा वाटायचा. पण तिचं खरं होतं गं. त्या दहा दिवसांत सगळ्या जगात मला एकाच गोष्टीचा शेवट माहीत होता, आणि तेवढ्यावर मी शांत झोपत होतो. माझ्या डोळ्याचा शेवट कुणीच सांगत नव्हतं. तिला हे सांगायचं राहून गेलं, म्हणून तुला सांगतो.

मग तेविसावं संपलं आणि डबा थांबला. त्याच दिवशी स्नेहलने तुझं रागावलेलं पत्र पुन्हा एकदा वाचून दाखवलं. ‘तुम्ही नेहमी नको म्हणता.’ ते खरंच आहे. ‘ये’ हा एवढासा शब्द माझ्या तोंडातून निघत नाही, कधीच निघाला नाही. तुझ्या आईला माहेराहून परत बोलवायचं असलं तरी मी लिहायचो, ‘गॅस संपत आला आहे.’ तेव्हा मला वाटलं, डबा गप्प झाला हे तर खोटं नाही. तेवढंच सांगावं. पुढचं तुझं तू समजशील. स्नेहलने ता. क. लिहिला होता हे मला परवा कळलं. तिच्या फोनमध्ये जागा असल्याचं तुला ठाऊक होतं, तरी तू आलीस. म्हणजे नाटकात मी एकटाच नव्हतो.

आणि ‘अरे देवा’ निम्मं खरं होतं. डब्यातल्या माणसाने सांगितला तेव्हा काट्यावाला नुसता खुनी होता. तू वाचून दाखवलास तेव्हा मला त्याची दया आली. तुझा आवाज मध्येच थोडा भरून आला होता, ते काट्यावाल्यासाठी नव्हतं, हेही मला कळलं.

विमलबाईंना यातलं काही सांगू नकोस. दिवाळ्याच्या बाजारात त्या सध्या खून ओळखणाऱ्या बाई म्हणून मिरवतायत, काल मला पापलेट स्वस्तात दिलं. डबा पुसून ठेवला आहे. लाल पेनड्राइव्ह लावलाय, तीही सगळी पुस्तकं शेवटापासून सुरू होतात. राहू देत तशीच.

तेविसावं प्रकरण इथे संपलं. पुढचं सगळ्यांत वर लिहिलं आहे.

बाबा